रक्त नाही म्हणजे सशाला लागलं नाही, असं नसतं

ताई, तुमचा ससा टिल्लू काल रात्री पलंगावरून टाइल्सवर पडला, रक्त नाही, कोथिंबिरीची काडी खाल्ली, पण सकाळपासून कोपऱ्यात बसून आहे. आज रविवार, उद्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेऊ का, असं विचारलंत. उद्या नको, आजच न्या.

ससा दुखणं लपवतो. कुत्र्यासारखा केकाटत नाही, मांजरासारखा फिस्कारतही नाही. आवडीचा खाऊ दुखत असतानाही एखादा घास घेतो, त्यामुळे कोथिंबिरीवर विसंबू नका. सुकं गवत खातोय का ते बघा. आणि ट्रे बघा. लेंड्या रोजच्यापेक्षा बारीक, कमी किंवा वेड्यावाकड्या झाल्या असतील तर आतडी मंदावली आहेत. दुखतं म्हणून खात नाही, खात नाही म्हणून आतड्यात गॅस धरतो, त्याने आणखी दुखतं. उलटी त्याला करता येत नाही. दहा-बारा तास खाणं आणि लेंड्या दोन्ही बंद असतील, तर पडण्याचं कारण बाजूला ठेवा, तीच इमर्जन्सी.

आता पाठ. सशाची हाडं हलकी आणि मागच्या पायांत जोर फार, त्यामुळे पडताना किंवा कुणी उचलल्यावर लाथ झाडताना त्याचाच कणा कमरेशी मोडू शकतो. मागचा पाय ओढतोय, उडी अर्धवट टाकतोय, बूड लघवीने ओलं आहे, यातलं काहीही दिसलं तर त्याला चालवून बघू नका. पाठ कुबडासारखी काढून, डोळे अर्धवट मिटून, दात जोरात करकरत बसला असेल तर दुखतंय हे नक्की. कुरवाळताना दात हलके वाजतात ते वेगळं, ते लाडाचं.

फरखाली बोटं फिरवा, पण दाबून नाही. दुसरा ससा असेल तर चाव्याची जखम वरून दिसत नाही, आत पू धरतो, आणि सशाचा पू दह्यासारखा घट्ट असतो, आपोआप वाहून जात नाही. पावसाळ्यात शेपटीखालीही बघा. पाठ दुखणाऱ्या सशाला तिथवर तोंड नेता येत नाही, एरवी तो स्वतः खातो त्या मऊ लेंड्या चिकटून राहतात, त्यावर माश्या अंडी घालतात. अळ्या व्हायला एक दिवसही पुरतो.

घरातली क्रोसिन, ब्रुफेन देऊ नका. तोंडावाटे अमॉक्सिसिलिन तर अजिबात नाही, सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात. पोट फुग्यासारखं टणक असेल तर जबरदस्तीने भरवूही नका.

नेताना मांडीवर घेऊन रिक्षात बसू नका. तळाला टॉवेल अंथरलेल्या खोक्यात ठेवा, उचलताना एक हात छातीखाली, दुसरा बुडाखाली. पार पुण्याच्या रस्त्याला लागण्याआधी नवी मुंबईत, खारघर-वाशीतल्या दोन-तीन दवाखान्यांत फोन करून ससे बघता का, एक्स-रे आहे का, एवढं विचारा. सकाळच्या लेंड्या पिशवीत घालून सोबत न्या.