लाल पोटाचा बेडूक गोव्यात सापडेल का?

प्रश्न : पाळीव प्राण्यांच्या एका चित्रफितीत हिरव्या पाठीचा, लाल-काळ्या पोटाचा बेडूक पाहिला. आमच्या कुळागरात पावसाळ्यात तांबडे बेडूक दिसतात, ते हेच का?
— एक वाचक, वाळपई

उत्तर : नाही. आपण पाहिलेला प्राणी बहुधा ‘बॉम्बिना ओरिएंटालिस’ हा फायर-बेलीड टोड असावा. त्याचे मूळ क्षेत्र कोरिया, ईशान्य चीन आणि रशियाचा अतिपूर्वेकडील प्रदेश एवढेच असून, तेथील कडक हिवाळा तो दगडांखाली किंवा कुजक्या ओंडक्यांत निपचित पडून काढतो. युरोपात त्याचे भाऊबंद आहेत. भारतात मात्र या वंशाची एकही जाती नाही. शत्रूने गाठले की तो पाठीची कमान करून हातपाय वर उचलतो आणि खालचा भडक रंग दाखवतो. त्वचेतून विषारी स्राव पाझरत असल्याने ही धमकी पोकळ नसते.

आपल्या कुळागरातले बेडूक बहुधा ‘हायड्रोफायलॅक्स’ वंशातले असावेत. त्यांची पाठ विटकरी-तांबडी, बाजू काळसर आणि पोट फिकट असते, म्हणजे रंगांची मांडणी जवळजवळ उलटीच! पाटाच्या कडेला बसलेला बेडूक न पकडता बॅटरीच्या उजेडात बाजूने पाहिलात, तरी हा फरक कळेल.