शाळेसाठीच्या वैद्यकीय पत्रात निदानाखेरीज काय लिहावं?

डॉक्टर, तुम्ही निदान, औषधं आणि 'विशेष काळजी घ्यावी' असं लिहून दिलंत, तरी शाळेने काहीच सोय केली नाही, ही तुमची तक्रार. पण असं पत्र वाचून उद्या वर्गात नेमकं काय बदलायचं, हे शिक्षकांना कळतच नाही. निदानाला एक ओळ पुरे. बाकी पान मुलाचं वर्गात कुठे आणि कशामुळे अडतं यासाठी ठेवा, आणि प्रत्येक अडचणीला जोडूनच सोय सुचवा.

सांधेदुखीच्या मुलीचं पत्र असं हवं: 'सकाळी सांधे आखडलेले असतात, बोटं मोकळी व्हायला दीड तास लागतो. म्हणून पहिल्या दोन तासांत लेखी चाचणी नको. सलग १० मिनिटं लिहिलं की मनगट दुखतं, म्हणून फळ्यावरच्या मजकुराची छापील प्रत द्यावी.' हे आकडे अंदाजाने टाकू नका. पालकांना वह्या आणायला सांगा. एकाच दिवसाचं पहिलं आणि शेवटचं पान शेजारी ठेवलं, की अक्षर कुठून ढासळलं, ओळी कुठे अर्धवट राहिल्या, ते लगेच दिसतं. वर्गशिक्षकांकडूनही अर्ध्या पानाची निरीक्षणं मागवा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो 'जादा वेळ द्यावा' या वाक्याने. वाचनाचा वेग कमी असेल तर जादा वेळ कामी येतो, मात्र किती ते लिहा. थकवा किंवा वेदना असेल तर तीन तासांचा पेपर चार तासांचा करून मूल आणखीच दमतं. तिथे विश्रांती हवी आणि ती परीक्षेच्या वेळात धरू नये, हे स्पष्ट लिहावं लागतं. लेखनिक सुचवणार असाल तर काही महिने आधी सुचवा. तोंडी उत्तर सांगून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे, ऐन परीक्षेत ते जमत नाही.

दृष्टी कमी असेल तर अक्षराचा आकार पॉइंटमध्ये द्या. नुसतं झेरॉक्स मोठं केलं की कागद बाकावर मावत नाही आणि छपाई पुसट होते. मजकूर मोठ्या टाइपात नव्याने छापायला सांगा. ऐकू कमी येणाऱ्या मुलाला नुसता पहिला बाक पुरत नाही. गोंगाटात श्रवणयंत्र आवाजांची हवी तशी निवड करू शकत नाही, त्यामुळे शिक्षकांचा आवाज थेट यंत्रात पोचवणारा, त्यांच्या गळ्यातला वायरलेस माइक लागतो. फळ्याकडे तोंड करून बोलू नये, हेही लिहा.

तातडीच्या प्रसंगासाठी वेगळं पान करा, वैद्यकीय भाषा टाळून. आकडी आली तर वेळ मोजा, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. ५ मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका. तातडीचं औषध दिलं असेल तर किती, कुठे ठेवलंय आणि कोण देणार तेही. टाइप १ मधुमेहात रक्तातली साखर ७० mg/dL च्या खाली गेली तर सहसा १५ ग्रॅम ग्लुकोज आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. तुमच्या रुग्णासाठी आकडे वेगळे असतील तर ते घाला. अशा वेळी मुलाला एकटं आजारी मुलांच्या खोलीकडे पाठवू नये, तो वाटेतच कोसळू शकतो. वजनावर ठरणारे डोस मूल वाढलं की बदलतात, तेव्हा या पानावर तारीख हवीच.

'पूर्णवेळ मदतनीस द्यावा' असा हुकूम मात्र लिहू नका. 'जिन्यावर मोठ्या माणसाचा आधार लागतो' ही गरज सांगा, ती कशी भागवायची ते शाळेला पालकांसोबत ठरवू द्या. पालकांची लेखी संमती घ्या आणि फाइलमधला घरगुती इतिहास शाळेत जाऊ देऊ नका.

सही करण्याआधी मुलालाही विचारा, विशेषतः तो मोठा असेल तर. सगळ्यांच्या देखत वेगळ्या खोलीत जाणं त्याला नको असेल, तर कागदावरची सोय तो वापरणारच नाही. त्याला चालेल असा पर्याय त्याच भेटीत शोधा आणि पत्रात तोच लिहा.