वाचकांचे प्रश्न : प्रकल्प चौघांचा, काम एकीचे

प्रश्न : माझी मुलगी पुणे विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासक्रमानुसार अभियांत्रिकी शिकली. पहिल्या वर्षी ‘प्रोजेक्ट बेस्ड लर्निंग’ या विषयात चौघींच्या गटाने कुंड्यांना आपोआप पाणी घालणारे यंत्र केले. सारे काम हिने केले आणि गुण चौघींना सारखे मिळाले. धाकटा मुलगा आता त्याच वाटेवर आहे. प्रकल्पातून शिकणे म्हणतात ते हेच का?
– एक पालक, सातारा

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. डेन्मार्कमधील आल्बोर्ग विद्यापीठ १९७४ साली स्थापन झाल्यापासून प्रकल्पांतूनच शिकवत आले आहे. तेथे एका सत्राच्या ३० क्रेडिटपैकी (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या भाराचे माप) साधारण निम्मी प्रकल्पाची असतात. आपल्या मुलीच्या सत्रात ती २२ पैकी २ होती. एवढ्याशा वेळात बाजारातून आणलेला संच जोडण्यापलीकडे फारसे काही होत नाही, हे शिक्षकही जाणतात.

त्याहून मोठा फरक आरंभबिंदूचा आहे. आल्बोर्गमध्ये यंत्र ठरवण्याआधी गटाला समस्या मांडावी लागते : पाणी कोणत्या झाडांना, किती आणि कधी कमी पडते, ते कोणी मोजले, आणि यंत्राऐवजी साधा ठिबकचा नळ का पुरत नाही. या शेवटच्या प्रश्नावर आपल्याकडचे निम्मे प्रकल्प गळून पडतील, असे मला वाटते. (पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून सेन्सर आणण्यात काहीच गैर नाही, तोच का आणला, हे सांगता आले पाहिजे.)

गुणांचे म्हणाल तर तेथे अहवाल गटाचा असला, तरी तोंडी परीक्षेत प्रत्येकाला वेगळे प्रश्न विचारतात आणि गुणही ज्याचे त्याला देतात. सर्वांनी एकत्र परीक्षेला बसावे की नाही, यावर मात्र तेथेही वाद झाला. सरकारने गटपरीक्षा काही वर्षे बंद ठेवून पुन्हा सुरू केली. शिवाय पहिल्या वर्षाच्या मुलांना आपण एकत्र काम कसे केले, कोठे अडलो, याचेही लेखी विश्लेषण द्यावे लागते, त्यामुळे अंग चोरणारा सहसा उघडा पडतो.

मुलाच्या गटाने कामाची वही तारखेनिशी ठेवावी, कोणी काय केले ते तीत त्याच दिवशी लिहावे, आणि परीक्षकांनी प्रत्येकाला दुसऱ्याने केलेल्या भागावर प्रश्न विचारावेत, अशी विनंती आपण मार्गदर्शक शिक्षकांना सत्राच्या आरंभीच करा.