बॅकसचा जोडलेला कान आणि विक्रेत्याची टाळाटाळ

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये राहते आणि रॉयल डोल्टन या इंग्लिश कंपनीचे कॅरेक्टर जग, म्हणजे चेहऱ्याच्या आकाराचे चिनीमातीचे जग, जमवते. ऑनलाइन जाहिरात पाहून बॅकस आणि नेपच्यून या रोमन देवांचे दोन जग 140 पौंडांना घेतले. ‘तडा नाही, दुरुस्ती नाही’ असं जाहिरातीत लिहिलं होतं. चाळीस दिवसांनी यूव्ही टॉर्च मारला तर बॅकसचा द्राक्षवेलीचा कान, म्हणजे जग धरायची मूठ, वेगळाच चमकला. तो मोडून जोडलाय आणि वर रंग फासलाय. विक्रेता म्हणतो, ‘मी खासगी माणूस, वस्तू आहे तशी विकली.’ नेलपॉलिश रिमूव्हरने रंग काढून फोटो पाठवू का?

उत्तर: रिमूव्हरला हात लावू नका. रंग निघाला की पुरावा गेला, आणि जग तुम्हीच बिघडवला म्हणायला विक्रेता मोकळा. टॉर्चखालचे फोटो काढा, जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपा.

आता हा माणूस खरंच खासगी आहे का, ते बघा. त्याच्या नावावर असेच पन्नास जग विक्रीला असतील, तर तो व्यापारी. स्वतःला काहीही म्हणवून घेवो. मग 2015 चा ग्राहक हक्क कायदा लागतो. वर्णनाशी न जुळणारा माल तडकाफडकी परत करायची 30 दिवसांची मुदत तुमची टळली आहे, पण त्याने काही बिघडत नाही. मुदतीनंतर आधी दुरुस्ती किंवा बदलून मागायचं असतं, पण अशा कानाची दुरुस्ती म्हणजे पुन्हा तेच, आणि त्याच्याकडे दुसरा तसाच बॅकस नसेल तर बदलूनही देता येणार नाही. त्यामुळे जग परत करून पैसे मागता येतात, किंवा ठेवून घेऊन किंमत कमी करून घेता येते. सहा महिन्यांच्या आत दोष दिसला तर तो आधीपासूनच होता असं धरलं जातं; नव्हता हे त्याने सिद्ध करायचं. नेपच्यून धड असेल तर खुशाल ठेवा.

तो खरोखर खासगी निघाला तरी सुटत नाही. वस्तू वर्णनाप्रमाणे असावी ही 1979 च्या मालविक्री कायद्यातली अट त्यालाही बांधते. ‘आहे तशी’ या शब्दांनी ती झटकायची तर ते वाजवी असल्याचं त्याला दाखवावं लागेल, आणि त्याच जाहिरातीत ‘दुरुस्ती नाही’ लिहिणाऱ्याला ते जड जाईल. शिवाय खोट्या विधानाबद्दल 1967 चा कायदा आहेच.

एक कच्चा दुवा मात्र आहे. ‘बाई स्वतः जाणकार, त्यांनी पारखून घेतला’ असं तो म्हणेल. एका चित्राच्या खटल्यात खरेदीदार स्वतःच कलाव्यापारी होता. तो विक्रेत्याच्या वर्णनावर विसंबला नव्हता, असं ठरून तो हरला. तुमचं तसं नाही, जग हाताळायला मिळालाच नव्हता. पत्रात तेवढंच लिहा, संग्रहाचं कौतुक नको.

पत्रात 14 दिवसांची मुदत द्या. नाही बधला तर कोर्टात लहान दाव्यांसाठी ऑनलाइन अर्ज करा. 300 पौंडांपर्यंतच्या दाव्याला 35 पौंड फी पडते, जिंकलात तर तीही बहुधा त्याच्याकडून वसूल होते. तोवर बॅकस खोक्यात नीट बांधून ठेवा.