11 महिन्यांचं भाडं, मालक म्हणतो नोटरी पुरे

प्रश्न : ताई, लग्नानंतर आम्ही कराडहून इकडे आलोय. मी महाप्यात कामाला, मिस्टर वागळे इस्टेटला, सध्या ऐरोलीत मावशीकडे आहोत पण किती दिवस राहणार. बजेट 15 हजार. ब्रोकरने दोन घरं दाखवली, एक घणसोली गावात चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, दुसरं तेवढ्याच भाड्यात उलव्याला टॉवरमध्ये, लिफ्ट, जिम सगळं. मिस्टरांना उलवेच पाहिजे. घणसोलीचे मालक म्हणतात 11 महिन्यांचंच तर आहे, रजिस्टर कशाला, नोटरी करू. डिपॉझिट 50 हजार, तेही कॅश. काय करू?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : जिमला जायला वेळ कुठून आणणार ते आधी मिस्टरांना विचार. उलव्याहून वागळे म्हणजे खारकोपर नाहीतर बामणडोंगरीला उरणची लोकल पकडा, नेरूळला बदला, ठाण्याला उतरा आणि पुढे परत रिक्षा. त्यात उरण लाइनला गाड्या कमी, एक चुकली की बसा प्लॅटफॉर्मवर. घणसोलीहून ठाण्याला सरळ गाडी, मधे रबाळे, ऐरोली, दिघा गाव एवढीच स्टेशनं, आणि तुला महापे तर बाजूलाच. माझं मत घणसोली, चार जिने चढावे लागले तरी.

पण गावातल्या बिल्डिंगांचं एक असतं, बऱ्याच जणांकडे ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र नसते, म्हणून मालकाकडून घरपट्टीची पावती आणि महावितरणचं ताजं बिल माग, दोन्हीवर नाव कुणाचं आहे बघ. मीटर वेगळा आहे की सबमीटर, म्हणजे मालकाच्याच मीटरवरून जोडलेला, हेही विचार, सबमीटर असला की कधीकधी मालक युनिटला स्वतःचाच रेट लावतात. पाणी किती वाजता येतं ते मात्र ब्रोकरला नाही, खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारायचं.

आता नोटरी. हे 11 महिन्यांचं सगळीकडे सांगतात, पण महाराष्ट्रात ते चालत नाही. भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55, करार लेखी आणि रजिस्टरच पाहिजे, मुदत कितीही असो, आणि जबाबदारी मालकाची. नाही केला तर त्यालाच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, वर भांडण झालंच तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल तेच धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे मालकांना गोड शब्दांत सांग, घाबरवू नकोस. खर्चाचं म्हणशील तर स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, ती 11 महिन्यांच्या एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या वार्षिक 10 टक्के व्याजावर, म्हणजे तुमच्या केसमध्ये पाचशेच्या आसपास, आणि महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी 1 हजार. एजंट घरी येऊन आधार आणि अंगठा घेऊन ऑनलाइन करून देतो, त्याचे पैसे वेगळे, घासाघीस कर. एवढ्यासाठी 50 हजार वाऱ्यावर कोण सोडतं?

डिपॉझिट कॅश अजिबात नको, बँकेतून ट्रान्सफर कर आणि आकडा करारात लिहून घे. नोटीस किती दिवसांची, सोडताना रंगाचे पैसे कापणार का, तेही त्यातच, कारण डिपॉझिट बहुतेक वेळा रंगाच्या नावाखालीच खाल्लं जातं. मालक एवढं करूनही नोटरीवरच अडून बसले तर घर सोड, घणसोली-कोपरखैरणे पट्ट्यात बघायला घरं भरपूर आहेत, मावशीकडे अजून थोडे दिवस काढा. आणि करार होईपर्यंत ब्रोकरला टोकनपण देऊ नकोस.