पहिल्यांदा गोव्याला निघालास? आधी तारीख ठरव

भो, हॉटेल नंतर बघ. नाताळ ते नवं वर्ष हा आठवडा सोडून दे, खोल्यांचे भाव तेव्हा आभाळाला भिडतात. कापूस विकून हात मोकळा झाला की जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारी गाठ, तेही सोमवार ते गुरुवार. पावसाळ्यात खोली स्वस्त मिळते, पण समुद्र खवळलेला असतो. पोहायचं नाव काढू नको.

भुसावळहून गोवा एक्सप्रेस थेट मडगावला नेते. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. त्याच सकाळी तिकीट काढ.

नवखे इथे फसतात:

- पांढऱ्या नंबरप्लेटची स्कूटर भाड्याने घेतात आणि दंड भरतात. काळ्या प्लेटवर पिवळे अंक असतील तीच घे.
- मडगावहून पणजीला टॅक्सी करतात. कदंबची, म्हणजे गोव्याची सरकारी बस आहे ना!
- भाव न विचारता मासळी मागवतात. मीही मागवली होती. पापलेटच्या एका ताटात आमच्याकडे अख्ख्या घराची शेवभाजी झाली असती.

प्रवासात दशम्या आणि ठेचा सोबत ठेव. दोन जेवणांचा खर्च तिथेच वाचतो.

बेटं, स्कुबा वगैरे पुढच्या खेपेला.