फोल्डर ओढल्यावर कधी कॉपी होतो, तर कधी मूव्ह. असं का? आणि फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर न्यायचे तर कट-पेस्ट केलेलं चालेल का?

तुमच्या कॉम्प्युटरमध्ये काहीही बिघाड नाही. विंडोजचा नियमच तसा आहे. एकाच ड्राइव्हमध्ये फोल्डर ओढला तर तो हलतो, दुसऱ्या ड्राइव्हवर ओढला तर त्याची कॉपी होते. डेस्कटॉप सहसा सी ड्राइव्हवर असतो, म्हणून तिथला फोल्डर डी मध्ये टाकला की दोन्हीकडे दिसतो. कंट्रोल दाबून ओढलंत तर कुठेही कॉपीच होईल, शिफ्ट दाबून ओढलंत तर मूव्हच. मी माउसच्या उजव्या बटणाने ओढतो. बटण सोडलं की काय करायचं ते विंडोजच विचारतं. चुकून भलतीकडे गेलं तर लगेच कंट्रोल झेड.

आता कट-पेस्टचं. एकाच ड्राइव्हमध्ये बिनधास्त करा. तिथे फाइलमधला डेटा जागचा हलत नाही, ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे एवढी नोंद बदलते. म्हणूनच ४० जीबीचा फोल्डरही क्षणात जातो. दुसऱ्या डिस्कवर मात्र प्रत्येक फाइल इथून वाचायची, तिथे लिहायची आणि मग मूळ फाइल उडवायची, असं सगळं काम होतं. मध्येच केबल हलली किंवा वीज गेली तर काही फोटो इकडे, काही तिकडे, आणि कुठला पूर्ण गेला हे शोधत बसायचं. म्हणून माझं ठाम मत आहे: बाहेरच्या डिस्कवर कट-पेस्ट करूच नका. आधी कॉपी करा, मग तपासा, आणि शेवटी डिलीट करा.

तपासणं सोपं आहे, फक्त लोक ते टाळतात. कॉपी संपली की डिस्क इजेक्ट करा, काढा आणि परत लावा. कारण कॉपी किती झाली ते दाखवणारी पट्टी पूर्ण भरलेली दिसली तरी थोडा डेटा अजून मेमरीतच असू शकतो. मग दोन्ही फोल्डरांवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. फाइल्सची संख्या जुळायला हवी आणि 'साइझ'समोर कंसात दिलेले बाइट्सही शेवटच्या आकड्यापर्यंत जुळायला हवेत. त्याखालचा 'साइझ ऑन डिस्क' वेगळा दिसला तर घाबरू नका. तो डिस्कच्या फॉरमॅटप्रमाणे, म्हणजे तिच्यावर फाइल्स साठवायच्या पद्धतीप्रमाणे, बदलतो. आकडे जुळले तरी चार-दोन फोटो आणि एखादा मोठा व्हिडिओ उघडून बघाच.

हजारो लहान फोटोंना तेवढ्याच आकाराच्या एका मोठ्या फाइलपेक्षा खूप जास्त वेळ लागतो, तेव्हा पट्टी रेंगाळली म्हणून मध्येच रद्द करू नका.

आणि भरपूर जागा असूनही एखादा व्हिडिओ 'फाइल फार मोठी आहे' म्हणून अडला, तर ती डिस्क फॅट३२ या फॉरमॅटमध्ये असणार. त्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल बसत नाही. डिस्क एक्सफॅट या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये फॉरमॅट केली की प्रश्न सुटतो, पण फॉरमॅट करताना तिच्यावरचं सगळं पुसलं जातं. आधीचं काही असेल तर ते अगोदर दुसरीकडे काढून घ्या.